भौगोलिक कारणे लिहा (गुण २)

भूगोल डोळ्यांनी बघायचा असतो, ही अफवा आपल्या शाळांनी वेळीच मोडून काढली हे बरं झालं. सातवीतल्या पोराला गवताळ प्रदेश विचारा: अर्जेंटिनात पंपास, दक्षिण आफ्रिकेत व्हेल्ड, ऑस्ट्रेलियात डाउन्स, एका दमात! शाळेमागचा ओढा कुठल्या नदीला मिळतो म्हणालात, की 'हे पुस्तकात नाही' अशा नजरेने बघतं. खरंच आहे, नाहीच ते पुस्तकात.

खरी बहार भौगोलिक कारणांत. माण तालुक्यातलं पोर पर्जन्यछायेचा प्रदेश काय चोख लिहितं! नैर्ऋत्य मोसमी वारे सह्याद्रीला अडतात, पश्चिम उतारावर ओझं रिकामं करतात, घाट उतरताना कोरडे पडतात. महाबळेश्वरला ५,५०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस, आणि इकडे ५०० गाठताना मारामार. एवढ्यात बाहेर टँकरचा हॉर्न वाजतो, पोर मान वळवतं, तर बाई ओरडतात, "खिडकीबाहेर काय बघतोस? लक्ष पेपरात!"

भिंतीवरचा नकाशा मात्र इतिहासाच्या तासाला लावावा. त्यात पालघर अजून ठाण्यातच नांदतंय. २०१४ साली वेगळा जिल्हा झाल्याची बातमी त्या खिळ्यापर्यंत पोचलेलीच नाही.

आणि नकाशा भरणं? स्टेन्सिल फिरवा, समुद्रावर निळी पेन्सिल घासा, चौकट आखा, सूची द्या. सूची विसरलात तर अर्धा गुण गेलाच म्हणून समजा. घाईघाईत गोदावरी अरबी समुद्राला मिळाली तर एखादे सर सांभाळून घेतीलही, पण सूचीशिवाय मिळता कामा नये.