पुठ्ठ्याचे मानकरी

पुस्तकं दोन प्रकारची असतात. अंगावर पडली तर लागणारी आणि न लागणारी. समीक्षक कथा, कादंबरी, वैचारिक अशी वर्गवारी करतात, पण रात्री उताणं झोपून वाचणाऱ्याला तिचा काही उपयोग नाही. डोळा लागतो आणि हातातलं पुस्तक नाकावर येतं. पेपरबॅक असेल तर माणूस कूस बदलतो. पुठ्ठा बांधणीची सहाशे पानी ऐतिहासिक कादंबरी असेल तर तो दचकून उठतो आणि ‘कोण आहे रे तिकडे?’ असं विचारतो. कादंबरीच्या वजनदारपणाबद्दल परीक्षणांत बरंच लिहून येतं, पण त्यांतलं एकही परीक्षण आडवं पडून लिहिलेलं नसावं.

तरी समाजात मान पुठ्ठ्यालाच. सत्कार करायचा तो शाल, श्रीफळ आणि ग्रंथ देऊन. यातला ग्रंथ कडक पुठ्ठ्याचाच लागतो. सत्कारमूर्तीच्या हातात पातळ पेपरबॅक ठेवलं तर फोटोत ते कार्यक्रमपत्रिकेसारखं दिसतं. प्रकाशन समारंभात पाहुणे चंदेरी कागद सोडतात, पुस्तक छातीशी उभं धरतात आणि मुखपृष्ठ आधी डाव्या, मग उजव्या फोटोग्राफरला दाखवतात. आत काय आहे हे त्या क्षणी लेखकाशिवाय कोणालाच ठाऊक नसतं. या सोहळ्याला पुठ्ठा हवाच. पेपरबॅक असं उभं धरलं तर मधेच वाकून सभेला नमस्कार करतं.

एकाच पुस्तकाच्या दोन आवृत्त्या निघतात, साधी आणि ग्रंथालयासाठी पुठ्ठ्याची. किमतीत चांगला शे-दोनशेचा फरक. मी एकदा दोन्ही शेजारी ठेवून बघितल्या. तोच कागद, तोच टाइप, त्याच पानांवर त्याच मुद्रणाच्या चुका. अर्पणपत्रिकेत पत्नीचं नाव चुकलं होतं, तेसुद्धा दोन्हीकडे. म्हणजे जास्तीचे पैसे होते ते निव्वळ पुठ्ठ्याचे.

खरी गोम पुठ्ठ्यात नसतेच, ती पाठीत असते. छापलेला मोठा कागद घड्या घालून सोळा पानांचा फर्मा होतो. असे फर्मे एकावर एक रचून त्यांच्या घडीतून दोरा ओवत शिवलं की ती जुजबंदी. असं पुस्तक टेबलावर उघडून ठेवा, ते उघडंच राहतं आणि तुमचे दोन्ही हात शेंगदाणे सोलायला मोकळे होतात. दुसरी तऱ्हा परफेक्ट बाइंडिंगची. त्यात फर्म्यांची घडीची बाजू तासून टाकतात आणि सुट्या झालेल्या पानांना मागून गरम गोंद फासतात. ‘परफेक्ट’ हे नाव ज्याने ठेवलं त्याने ते पुस्तक पाच वर्षांनी उघडून पाहिलेलं नसणार. गोंद सुकतो, पाठ कटकन मोडते आणि पानं एकेक करून घर सोडतात. माझ्याकडच्या एका कादंबरीत नायकाचं लग्न ठरतं ते पान आहे आणि थेट घटस्फोटाचं आहे. मधली सगळी गळाली. कथानकाला त्याने फारशी बाधा आलेली नाही.

आता दुकानदार सांगत नाही ती गोष्ट सांगतो. पुठ्ठ्याच्या पुस्तकांतही बरीच आतून अशीच नुसती डकवलेली असतात. वरून दणकट, आत गोंद. म्हणून पुस्तक घेताना मुखपृष्ठ पाहू नये, ब्लर्ब तर नाहीच नाही. पुस्तक मिटून पाठीच्या वरच्या टोकाकडून बघावं. घड्यांचे छोटे छोटे जुडगे दिसले तर ते शिवलेलं आहे. सपाट सरळ रेघ दिसली तर गोंद. मी असा बघत उभा राहिलो की दुकानातला पोऱ्या ‘काका, काय शोधताय?’ म्हणून विचारतो. मी ‘पाठीचा कणा’ असं उत्तर देतो. हल्ली तो विचारत नाही.

आपल्या हवेशीही पुठ्ठ्याचं जमत नाही. पावसाळ्यात तो ओल पितो आणि होडीसारखा वाकतो, कापडी पाठीवर बुरशीची नक्षी उमटते. त्यात ती कसर. कसरीला साहित्यात रस नाही, तिला पिठाच्या खळीत रस आहे, आणि खळ असते पुठ्ठ्याच्या अस्तराखाली. जितकी बांधणी जुन्या पद्धतीची, तितकं तिचं जेवण साग्रसंगीत. नुसत्या गोंदाच्या पेपरबॅकला ती सहसा तोंड लावत नाही. आमच्या कपाटातल्या चरित्रग्रंथांचा आस्वाद घरात सर्वांत सलग तिनेच घेतला आहे.

मी डोंबिवलीचा. सकाळच्या फास्ट लोकलमध्ये एक हात कडीला असतो आणि दुसऱ्या हाताला शेजाऱ्याच्या कोपरातून वाट काढावी लागते. तिथे पुठ्ठ्याचं पुस्तक उघडणं हे अतिक्रमण धरलं जातं. पेपरबॅक मात्र दुमडून, एका हातात, अंगठ्याने पान उलटत घाटकोपरपर्यंत सहज वाचता येतं. यात आश्चर्य नाही, कारण त्याची जन्मकथाही स्टेशनावरचीच सांगतात. ॲलन लेन नावाचे इंग्रज प्रकाशक अगाथा ख्रिस्तीबाईंना भेटून परतताना एक्झेटर स्टेशनात थांबले. गाडीत वाचण्याजोगं धड काही मिळेना, आणि तिथेच पेंग्विनची कल्पना सुचली, अशी आख्यायिका आहे. खरंखोटं लेन जाणोत. १९३५च्या जुलैत त्यांनी दहा पुस्तकं काढली, किंमत सहा पेनी, म्हणजे तिकडच्या दहा सिगारेटींच्या पाकिटाइतकी. कादंबऱ्यांना नारिंगी पट्टे, गुन्हेकथांना हिरवे, चरित्रांना निळे. पुस्तकविक्रेत्यांनी नाकं मुरडली, तेव्हा वूलवर्थ या बरण्या-बटणं विकणाऱ्या दुकानांनी ६३,५०० प्रतींची मागणी नोंदवली आणि धंदा तरला. वाङ्मयाच्या इतिहासात किराणावाल्यांचे उपकार कोणी लिहीत नाही, म्हणून इथे नोंदवून ठेवतो.

आपल्याकडे हे काम बाबूराव अर्नाळकरांनी केलं. हजाराच्या वर रहस्यकथा लिहिल्या. झुंझार आणि काळा पहाड या त्यांच्या नायकांनी दोन पिढ्यांना भूगोलाच्या पुस्तकाआड धरून वाचायला शिकवलं. पातळ कागदी वेष्टनाची ती पुस्तकं. त्यांना कडक पुठ्ठा असता तर भूगोलाच्या पुस्तकात मावली नसती आणि महाराष्ट्राचा वाचनसंस्कार तिथेच खुंटला असता. परिणाम असा, की घराघरांत वाचून वाचून त्यांच्या चिंध्या झाल्या, आणि आज जुन्या बाजारात एखादी धड प्रत सापडली तर लोक हरखतात. उलट त्याच काळातले पुठ्ठ्यातले कितीतरी अभिनंदनग्रंथ आणि गौरवग्रंथ करकरीत अवस्थेत उपलब्ध आहेत. पानं अजून एकमेकांना चिकटलेली. पुठ्ठ्याने पुस्तक टिकतं असं म्हणतात, पण न वाचल्याने ते त्याहून जास्त टिकतं.

तरी आमच्या आजीने हा प्रश्न कधीच निकालात काढला होता. तिच्या पोथीला बांधणीच नव्हती. सुटी आडवी पानं, खाली-वर दोन फळ्या, भोवती लाल फडकं. चौरंगावर ठेवायची, वाचलेलं पान उचलून पलीकडे पालथं घालायचं. पाठच नाही तर मोडणार काय? खूण म्हणून मोरपीस. आणि पोथी कोणी उसनी मागत नसे, कारण तिच्याबरोबर सोवळंही न्यावं लागे. पुण्याच्या पुराभिलेखागारात पेशवे दफ्तराचे हजारो रुमाल असेच फडक्यात बांधून ठेवलेले आहेत. अख्ख्या राज्याचा कारभार गाठोड्यात राहू शकतो, मग दोनशे पानांच्या ललितलेखसंग्रहाला पुठ्ठ्याची मिजास कशाला?

कन्या म्हणते, ‘बाबा, किंडल घ्या ना, कटकटच नको.’ घेतलं. ते नाकावर पडलं की नाकाआधी त्याची काळजी वाटते. जाऊ दे.

आता वाचनालयाची बांधणी. ही तिसरीच जात, आणि मराठी माणसाचं निम्मं वाचन हिच्यातूनच झालेलं आहे. नवं कोरं पेपरबॅक वाचनालयात येतं. पहिल्याच महिन्यात त्याचं मुखपृष्ठ फाटतं. मग ते बाइंडरकडे जातं आणि परत येतं तेव्हा त्याला ओळखणं आईलाही शक्य नसतं. काळपट रेक्झिनची पाठ, बाजूंना शेवाळी मार्बल पेपर, आणि पाठीवर पांढऱ्या रंगात दाखल क्रमांक. प्रेमकथा असो वा मूळव्याधीवरचे उपाय, रूप एकच. फर्मे उसवून पुन्हा शिवण्याएवढे पैसे वाचनालय देत नाही, म्हणून बाइंडर दाभणाने आरपार भोकं पाडून कडेनेच शिवतो. शिवण आतला समास गिळते आणि डाव्या पानावरच्या प्रत्येक ओळीचा शेवट खोल घळीत जातो. रहस्यकथेत इन्स्पेक्टर सर्वांना दिवाणखान्यात जमवून खुनी दुसरातिसरा कोणी नसून, असं म्हणतो आणि पुढचं नाव शिवणीत. मी पुस्तक ताणून, टॉर्च लावून पाहिलं आहे. आडनावाचा काना तेवढा दिसला.

शिवून झालं की कटिंग. कडा एकसारख्या दिसाव्यात म्हणून तिन्ही बाजूंनी पातं फिरतं. पुस्तक दुसऱ्यांदा बांधायला गेलं की पुन्हा फिरतं. पृष्ठांक जातात, मग वरची ओळ दाढी केल्यासारखी दिसू लागते. आधीच्या वाचकांनी पेन्सिलीने समासात दिलेले अभिप्रायही अर्धे होतात. एका आत्मचरित्रात कोणीतरी रागाने ‘लेखक महामूर्ख आहे’ असं लिहिलेलं असावं. पात्याने त्यातलं ‘लेखक महा’ एवढंच ठेवलं. पुढचं प्रत्येकाने आपल्या मताप्रमाणे भरायचं.

एवढं सगळं असूनही माझा निकाल बाइंडरच्या बाजूने आहे. युरोपातसुद्धा पूर्वी बरीच पुस्तकं सुट्या फर्म्यांत किंवा साध्या कागदी वेष्टनात विकली जात. आवडलं, पटलं, परवडलं तर गिऱ्हाईक आपल्या पसंतीची बांधणी करून घेई. कापडी पुठ्ठा घालून तयार पुस्तक विकण्याची प्रकाशकांची पद्धत १८२०नंतर रुळली. क्रम तोच बरोबर होता. पुस्तक आधी कागदी कपड्यांत घरी यावं, गाडीत, गादीवर, जेवताना वाचलं जावं. आमटीचा एखादा डाग पडू द्यावा. दुसऱ्यांदा वाचावंसं वाटलं तर त्याला पुठ्ठ्याचा मान द्यावा, नाहीतर रद्दीवाला रास्त भाव देतो. वाचकाने एक अक्षर वाचण्याआधीच पुस्तकाला पुठ्ठा चढवणं म्हणजे बोहल्यावर चढण्याआधीच लग्नाच्या पन्नासाव्या वाढदिवसाचं आमंत्रण छापणं. (माझं स्वतःचं पुस्तक प्रकाशकाने पुठ्ठ्यातच काढलं आहे. ते अपवाद समजावं.)

तेव्हा घरातली चार लाडकी, पान पान झालेली पेपरबॅक पुस्तकं बाजूला काढून ठेवा. पावसात नेऊ नका, दिवाळीनंतर न्या, खळ चांगली वाळते. स्टेशनाजवळच्या एखाद्या बोळात शिकंज्यामागे बसलेला बाइंडर अजून सापडतो. फर्म्यांच्या घड्या शाबूत असतील त्या पुस्तकांची जुजबंदी करायला सांगा, खळीत मोरचूद घालायला सांगा, म्हणजे कसर लांब राहील. पैशांवरून घासाघीस करू नका. आणि ‘कटिंग नको’ हे दोनदा सांगा. एकदा सांगितलेलं त्याला ‘कटिंग कमी’ असं ऐकू येतं.