फ्रिजची घरघर

फ्रिज घरघरू लागला की निदान आधी होतं, आवाज नंतर ऐकला जातो. मेकॅनिक तर दारातूनच सांगतो, "गॅस गेलाय." बंद नळ्यांमधला गॅस गळतीशिवाय जाईल कुठे, असं विचारायची सोय नसते, साहेब रुसले तर आठवडाभर फोन उचलत नाहीत.

खळखळ होते ती नळीतून फिरणाऱ्या गॅसची. चर्र होतं ते डीफ्रॉस्टच्या तापल्या हीटरवर थेंब पडल्याने. दोन्ही तब्येत ठणठणीत असल्याच्या खुणा. खडखड मात्र फ्रिजच्या डोक्यावर शोधावी: लोणच्याची बरणी, प्रसादाचा स्टीलचा डबा, कधीच बंद पडलेला स्टॅबिलायझर. कॉम्प्रेसर सुरू झाला की ही मंडळी एकमेकांना ढुशा देतात. पण ती उतरवून ठेवणार कुठे? त्यापेक्षा मेकॅनिकची व्हिजिट फी परवडली. डुगडुगणारा फ्रिज पुढच्या पायाचा स्क्रू जरासा फिरवला की गप्प बसतो. याचे पैसे कुणी घेत नाही, म्हणून हे कुणी सांगतही नाही.

फ्रीझरमधला पंखा बर्फावर घासत असेल, तर फ्रिज बंद करून बर्फ वितळू द्यावा. सुरीने खरवडू नये. नळीला भोक पडलं, तर मेकॅनिकचं निदान खरं ठरतं.