आधी कानस, मग पदवी

दहावीचा निकाल लागला की मुलाच्या बुद्धीची प्रतवारी करण्याचं काम मराठी घरात नातेवाईक हौसेनं अंगावर घेतात. टक्के नव्वदच्या पुढे असतील तर अकरावी सायन्स, सीईटी आणि इंजिनिअरिंगची डिग्री. टक्के जरा घसरलेले असतील तर डिप्लोमा. त्याहून खाली असतील तर मात्र आवाज एकदम उतरतो, इकडेतिकडे पाहिलं जातं आणि एखाद्या दुर्धर आजाराचं नाव घ्यावं तसं ‘आयटीआय’ म्हटलं जातं. बाकीच्या शाखांचं मला ठाऊक नाही, पण मेकॅनिकलपुरती तरी ही उतरंड उलटी लावलेली आहे, असं माझं म्हणणं आहे. ज्याला मेकॅनिकल इंजिनिअर व्हायचंय त्यानं आधी तंत्रज्ञ व्हावं. सीईटीतल्या गुणांवरून त्याला पुस्तकातलं यंत्र किती कळतं ते समजेल, खरं यंत्र किती कळतं ते नाही.

यामागचं कारण टॉलरन्समध्ये आहे. पैकीच्या पैकी गुणांवर वाढलेल्या मुलाला हे प्रकरण सुरुवातीला पटतच नाही, कारण इथे पैकीच्या पैकी कुणालाच मिळत नाहीत. पंचवीस मिलिमीटरचा शाफ्ट बरोबर पंचवीसचा कुणी करत नाही, करूही शकत नाही. भोकात फिरता राहावा असा शाफ्ट हवा असेल, तर नेहमीच्या एका फिटप्रमाणे भोक 25.000 ते 25.021 आणि शाफ्ट 24.980 ते 24.993 मिलिमीटर एवढ्यात बसवावा लागतो. त्यात सगळ्यात ढिला जोड जमला तरी फट 0.041 मिलिमीटरची, आपला केससुद्धा बहुधा त्याहून जाड भरतो. म्हणजे चूक किती चालेल हे आधी कागदावर लिहून, सही करून, मग काम सुरू करणारी ही विद्या आहे. आता कागदावर ‘0.01’ लिहायला इंजिनिअरला काहीच पडत नाही. तेच कारखान्यात उतरलं की लेथवर भागणारं काम ग्राइंडिंगला जातं, ग्राइंडिंगवर भागणारं लॅपिंगला जातं आणि खर्चाचा आकडा मालकाच्या पोटात जातो. ज्यानं कधी कानस हातात धरलेली नाही, तो ड्रॉइंगवर सगळीकडे ‘0.01’ लिहीत सुटतो. त्याला वाटतं आपण काटेकोर आहोत. फिटरच्या मते तो फक्त अननुभवी असतो.

कानशीचं शिक्षण कसं असतं ते पाहा. फिटर ट्रेडचा नवा मुलगा व्हाइसमध्ये लोखंडाचा तुकडा धरतो आणि तो सपाट, काटकोनात येईपर्यंत घासत बसतो. मग निदेशक त्यावर गुण्या ठेवतात आणि तुकडा उजेडासमोर धरतात. इतर सर्व विद्यांत प्रकाश दिसणं शुभ मानतात. इथे गुण्याखालून प्रकाश दिसला की मुलगा नापास. डिग्रीच्या पहिल्या वर्षालाही वर्कशॉप असतं, नाही असं नाही. पण तिथले काही जॉब वडिलोपार्जित असतात, मोठ्या वर्गाकडून धाकट्या वर्गाकडे वारशानं येतात आणि फक्त रोल नंबर बदलतात, अशी वदंता आहे. ती खोटी असेल तर आनंदच आहे.

‘हे सगळं पुस्तकातही असतं की,’ हा पहिला आक्षेप. असतं. पोलाद तापलं की प्रसरण पावतं हे तर शाळेतलं पोरही सांगेल. पण जगभर मापं वीस अंश सेल्सिअसला धरतात आणि नागपूरच्या मे महिन्याला हे कुणी कळवलेलं नाही. पंचेचाळीस अंशांत शंभर मिलिमीटरचा पोलादी तुकडा जवळजवळ 0.03 मिलिमीटरनं वाढतो. साध्या व्हर्निअरचं लघुतम माप 0.02 असतं. म्हणून ज्या कारखान्यात माणसांसाठी पंखासुद्धा कुरकुरत फिरतो, तिथेही मापं घेण्याच्या खोलीला एसी असतो आणि त्या थंडाव्यावर पहिला हक्क जॉबचा असतो. मशिनवरून नुकताच उतरलेला, हाताला चटका देणारा शाफ्ट मापात भरला तर खूश व्हायचं नसतं, निवल्यावर तो बारीक होणार आहे. हे वाक्य पुस्तकात वाचलं की दोन गुण मिळतात. रिजेक्शनच्या ढिगात पाहिलं की जन्मभर लक्षात राहतं.

इतिहासही माझ्याच बाजूनं साक्ष देतो. वाफेच्या इंजिनाला वेगळा कंडेन्सर लावावा हे जेम्स वॉटला 1765 मध्ये सुचलं. त्याची धंद्यात उतरलेली इंजिनं चालू व्हायला 1776 उजाडलं. मधल्या काळात पैसा आणि भागीदार या अडचणी होत्याच. पण डोक्यातली कल्पना तयार असताना तिच्यासाठी नीट गोल सिलिंडर कुणाला करता येत नव्हता, ही अडचण त्याहून हट्टी होती. जॉन विल्किन्सन या लोखंडवाल्यानं बोअरिंगचं चांगलं यंत्र केलं तेव्हा ती सुटली. वॉट स्वतः उपकरणं बनवणारा कारागीर होता, तरी ही गत. आपल्याकडे लक्ष्मणराव किर्लोस्करांचं उदाहरण आहे. ते मुंबईला चित्रकला शिकायला गेले; रंग ओळखण्यात दोष निघाला म्हणून यांत्रिक ड्रॉइंगकडे वळले; बेळगावात सायकलींचं दुकान चालवलं, लोखंडी नांगर केला आणि 1910 मध्ये किर्लोस्करवाडी वसवली. इंजिनिअरिंगची पदवी त्यांच्याकडे नव्हती. आजच्या जाहिरातीप्रमाणे त्यांना त्यांच्याच कारखान्यात मुलाखतीला बोलावलं नसतं.

‘पण आता सीएनसी आलं, हात कशाला हवेत?’ हा दुसरा आक्षेप, आणि तो जोरदार आहे. सीएनसी यंत्र सांगितलेलं मुकाट्यानं करतं, हा त्याचा गुण. चुकीचं सांगितलेलंही तितक्याच निष्ठेनं करतं, हा त्याचा धोका. हातानं काम करणारा दिवसाला चार जॉब बिघडवील. सीएनसी एका शिफ्टमध्ये दोनशे बिघडवतं आणि सगळे एकसारखे बिघडवतं. टूल झिजत चाललं की ऑफसेट शतांश मिलिमीटरनं बदलायचा, हे ज्याला आवाजावरून आणि कापाच्या चकाकीवरून कळतं, त्याचे हात निकामी झालेले नाहीत. ते बटणांवर आले आहेत. उलट बाजूचा आक्षेपही मला मान्य आहे: नुसती कानस पुरत नाही. शाफ्ट का तुटला हे फिटर अचूक दाखवील, पण पुढचा किती जाडीचा घ्यावा याला गणितच लागतं. म्हणूनच मी ‘आधी’ म्हणतो, ‘ऐवजी’ म्हणत नाही.

राहिला वेळेचा मुद्दा. तिथे तर साधी बेरीज आहे. अकरावी-बारावीची दोन आणि डिग्रीची चार मिळून सहा वर्षं. दहावीनंतर डिप्लोमाची तीन आणि थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश घेऊन डिग्रीची तीन, तरीही सहाच. आयटीआयची दोन, मग थेट दुसऱ्या वर्षाला डिप्लोमाची दोन आणि डिग्रीची तीन धरली तर सात. म्हणजे सगळा वाद एका वर्षाचा आहे. आणि बारावीच्या राजमार्गानं गेलेली कितीतरी मुलं तेवढं एक वर्ष इंजिनिअरिंगच्या गणिताच्या, म्हणजे एम-थ्रीच्या, पेपरला अर्पण करतातच. तेच कानशीला दिलं तर मुलगा सरळ होईल याची हमी मी देत नाही, पण लोखंडाचा एक तुकडा तरी नक्की होईल.