तीसही संघ सुधारले, अभिनंदन!

अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉलचा हंगाम जूनमध्ये संपतो आणि जुलै उजाडला की खरा खेळ सुरू होतो. त्यात चेंडू लागत नाही, रिंग लागत नाही, घाम तर अजिबातच येत नाही. कोण आला, कोण गेला, कोणाचा करार किती कोटी डॉलरचा झाला, एवढ्या भांडवलावर ‘आपला संघ सुधारला का?’ हा वाद ऑक्टोबरपर्यंत रेटायचा असतो. तिकडे तो उन्हाळा, इकडे आपल्याकडे पाऊस. पण न्यू जर्सीतल्या गणपतीच्या प्रसादाच्या रांगेत आणि भल्या सकाळी सामने बघणाऱ्या पुण्या-मुंबईच्या पोरांत वाद तोच आणि निकालही तोच. संघ सुधारला. आपला तर सुधारलाच, शेजारचाही सुधारला. उन्हाळा संपेपर्यंत तीसच्या तीस संघ सुधारलेले असतात.

यात अडचण एकच आणि तीही किरकोळ. तीस संघ प्रत्येकी ८२ सामने खेळतात, प्रत्येक सामन्यात एक जिंकतो आणि एक हरतो, बरोबरीची सोय नाही. म्हणजे अख्ख्या हंगामात वाटायला विजय असतात १२३०. खेळाडू कितीही फिरवा, ते १२३०च राहतात. प्रत्येक संघ चार-चार सामने जास्त जिंकणार असेल, तर १२० विजय कुठून तरी आयात करावे लागतील. ते कुठून येणार, हे अजून कोणी सांगितलेलं नाही. ज्या संघाने सगळे चांगले खेळाडू विकून टाकले, त्याच्याकडूनही येणार नाहीत, कारण त्याचं ‘भविष्य’ सुधारलं. २०१९ मध्ये नियम बदलले, तेव्हा तळाच्या तीन संघांना नव्या खेळाडूंच्या ड्राफ्टमधली पहिली निवड मिळण्याची शक्यता प्रत्येकी १४ टक्के ठरली. उरलेल्या ८६ टक्क्यांबद्दल उन्हाळ्यात बोलायची पद्धत नाही.

हा चमत्कार घडतो कसा? गेलेल्या खेळाडूचे फक्त दोष मोजायचे आणि आलेल्याचे फक्त गुण. मेपर्यंत जो आपला ‘हुकमी’ होता तो जुलैत गेला, की त्याला डिफेन्स कधी जमतच नव्हता आणि तो गेला तेच बरं झालं. त्याच्या बदल्यात जो आला, त्यालाही डिफेन्स जमत नव्हता, पण त्याला आजवर योग्य प्रशिक्षक मिळाला नव्हता. गंमत म्हणजे पलीकडच्या गावात हाच संवाद नावं उलटी करून चाललेला असतो. एका ट्रेडमध्ये दोन्ही संघ जिंकतात, आणि तिसरा मध्ये घेतला तर तोही. वयाचंही तसंच. बावीस वर्षांचा पोरगा तेवीसचा झाला की त्याची वाढ होते. चौतीसचा पस्तीस झाला की त्याचा अनुभव वाढतो. गुडघ्याचं वय मात्र कोणाचंच वाढत नाही.

पण या सगळ्यावर कडी करतो तो मिनिटांचा तक्ता. सामना ४८ मिनिटांचा, मैदानात एका वेळी पाच जण, म्हणजे संघाला वाटायला २४० मिनिटं. हा गुणाकार चौथीतल्या पोराला येतो, म्हणूनच कदाचित जाणकार मंडळी त्याच्या वाटेला जात नाहीत. आता एका सुधारलेल्या संघाचा हिशेब मांडू. पहिले पाच स्टार्टर, ३४-३४ मिनिटं: १७०. बेंचवरून उठून गुणांचा धडाका लावणारा सहावा, २८: झाले १९८. उन्हाळ्यात आणलेले दोघे, जे पुढेही खेळतात आणि मागेही खेळतात, २४-२४: झाले २४६. इथे वाटायची मिनिटं संपून वर सहा झाली. पण अजून तो पोरगा राहिलाय, ज्याला ‘यंदा मोकळं रान मिळणार’ असं सगळ्यांनी ठरवलंय, त्याची २०: झाले २६६. आणि ड्रेसिंग रूममध्ये संस्कार करायला आणलेले छत्तीस वर्षांचे ज्येष्ठ, ‘फक्त पंधरा, पण मोलाची’: झाले २८१. ४१ मिनिटं जास्तीची झाली. ओव्हरटाइम पाच मिनिटांचा असतो, पाच जणांचा, म्हणजे त्यातून मिळतात २५. एकाने भागत नाही, दोन हवेत. म्हणजे रोज रात्री सामना बरोबरीत आणायचा, मग ओव्हरटाइमही बरोबरीत आणायचा, आणि हे ८२ वेळा. शेवटच्या सेकंदाला एखाद्याने चुकून थ्री टाकून सामना जिंकला तर त्याला प्रशिक्षकाने झापलं पाहिजे, की अरे, ज्येष्ठांची पंधरा मिनिटं कोण देणार? समोरच्या संघाची हरकत असायचं कारण नाही, तोही सुधारलेलाच आहे, त्यालाही पाच-सहा जणांना मोकळं रान द्यायचंय. हंगामभरात ८२० मिनिटं जादा खेळून होतील, म्हणजे सतरा सामने फुकटात. आणि दोन ओव्हरटाइम धरूनही हिशेबात नऊ मिनिटं शिल्लक राहतात. ती ड्राफ्टच्या दुसऱ्या फेरीतल्या त्या रूकीला, ज्याने जुलैच्या समर लीगमध्ये एका रात्री सहा थ्री टाकले आणि ज्याच्यावरून दोन मित्रांनी एकमेकांशी बोलणं टाकलंय.

चेंडूचा हिशेब मांडायला नको. तोही एकच असतो, आणि एका सामन्यात संघाच्या वाट्याला सुमारे शंभर पझेशन येतात. तीन वेगवेगळ्या संघांत रोज पंचवीस-पंचवीस गुण करणारे तिघे एकत्र आणले की पंचाहत्तर होतात, असं मानणाऱ्याने निदान एवढं सांगावं, की तिघांपैकी दोघे कोपऱ्यात उभे असताना गुण कसे करणार.

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे. मग काय, खेळाडू बदलून संघ सुधारतच नाही? सुधारतो की. तळाशी लोळणारे संघ एका उन्हाळ्यात बदल करून विजेतेपदाला भिडल्याचं या खेळाने पाहिलंय. पाच जणांच्या खेळात एक असामान्य माणूस जेवढा फरक पाडतो, तेवढा अकरा जणांच्या खेळात पाडू शकत नाही. पण ती सुधारणा ओळखायची तर वजाबाकी करावी लागते. नवा खेळाडू कोणाची मिनिटं खाणार आणि ती खाल्ली गेल्यावर तो दुसरा काय करणार? चेंडू हातात नसताना नव्याचा काय उपयोग? कोपऱ्यातून टाकायचा २२ फुटांचा थ्री त्याला येतो, की त्याचा बचावपटू त्याला खुशाल सोडून आत आपल्या उंच गड्याभोवती गर्दी करणार? आणि जे कुठेच गेले नाहीत, ज्यांच्यावर उन्हाळाभर एक वाक्य खर्च झालं नाही, त्यांचे घोटे कसे आहेत? संघाचं नशीब बहुतेक वेळा या न हललेल्या माणसांच्या तब्येतीवर ठरतं. पण न हललेल्या माणसाची बातमी होत नाही, म्हणून वादाचा सगळा जोर येणाऱ्या-जाणाऱ्यांवर, त्यातही बाराव्या आणि तेराव्या क्रमांकाच्या खेळाडूंवर. पहिल्या दोघांबद्दल वाद घालायला काही उरलेलं नसतं ना.

आणि वाद घालणाऱ्यांची बाराव्याशी वागणूक बघा. पगारमर्यादा ओलांडलेल्या संघाला ट्रेड करताना जाणाऱ्या-येणाऱ्या पगारांचा मेळ घालावा लागतो. मग मोठ्या नावाबरोबर एखादा असा जातो, ज्याचा दोष एवढाच की त्याच्या पगाराचा आकडा हिशेबात नेमका बसतो. दोन हजार मैलांवरच्या गावात त्याने जायचं, मुलांच्या शाळा बदलायच्या, आणि उन्हाळी पंडितांच्या निकालपत्रात त्याच्या वाट्याला येतो एक शब्द: ‘वगैरे’. अरे, हा माणूस जगातल्या पहिल्या साडेचारशे खेळाडूंत आहे! तुमच्या गावातल्या, तालुक्यातल्या, जिल्ह्यातल्या सगळ्या पट्टीच्या खेळाडूंना त्याने एकट्याने पळवून दमवलं असतं, आणि तुम्ही त्याला सुट्ट्या पैशासारखं काउंटरवर सरकवता? ‘त्याला कोटींनी मिळतात’ हे उत्तर तयार असतं. मिळतात, खेळण्याचे मिळतात. तुच्छतेचे वेगळे मिळत नाहीत. बेंचच्या टोकाला बसणाऱ्या अनेकांचे करार तर पूर्ण हमीचेही नसतात. आणि बोलतो कोण, तर पनवेलहून ठाण्याला बदली झाली म्हणून साहेबांच्या केबिनबाहेर तीन दिवस तोंड पाडून उभा राहणारा माणूस! ‘धंदा आहे, चालायचंच’ हे दुसऱ्याच्या बदलीबद्दल म्हणायला काही लागत नाही. माणसं हलवण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिलेला नाही, त्याचा पगार आपण देत नाही, तरी त्याला ‘टाकून द्या’ म्हणताना ही मंडळी ज्या मालकी थाटात बोलतात, तो थाट खऱ्या मालकांनाही परवडत नाही. त्यांना निदान पत्रकार परिषदेत त्या माणसाचे आभार मानावे लागतात.

दुसरा आक्षेप मवाळ असतो: लोकांनी आशाही करायची नाही का? जरूर करावी. शहराच्या संघावर जीव टाकणाऱ्याने जुलैत आशा करायची नाही तर कधी करायची? पण मग तिला आशाच म्हणा. तिला अंश-अपूर्णांकांचे कपडे घालून, ‘आमचे ६.५ विजय वाढतात’ असं दशांश चिन्हासकट सांगू नका. आणि सांगायचंच असेल तर शेजारच्या रकान्यात लिहा, की ते साडेसहा विजय कोणत्या संघाचे कमी होतात, नावानिशी. तो रकाना छापायला घेतला की निम्मे वाद जागच्या जागी मिटतील आणि निम्म्यांत हाणामारी होईल. दोन्ही सध्याच्या चर्चेपेक्षा बरे.

ऑक्टोबरात हंगाम सुरू होतो. सुधारलेला संघ पहिल्या पाचांत चार सामने हरतो. मग उन्हाळ्यात डोक्यावर घेतलेला खेळाडू कोणाच्या बदल्यात घालवता येईल याची बेरीज सुरू होते. उन्हाळ्यात करार केलेल्या बहुतेक खेळाडूंचा ट्रेड १५ डिसेंबरपर्यंत करता येत नाही, असा नियम आहे. तो संघांसाठी आहे. वाद घालणाऱ्यांनी त्या खेळाडूला नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यातच तीनदा विकलेला असतो, आणि तिन्ही वेळा संघ सुधारलेला असतो.