झेपेल तेवढंच

कुठलाही कॉम्प्युटर गेम घेण्याआधी मी त्याची चित्रं बघत नाही, परीक्षणं वाचत नाही, किती लोकांनी तो डोक्यावर घेतलाय तेही विचारत नाही. थेट पानाच्या तळाशी जातो. तिथे बारीक अक्षरांत त्या गेमच्या किमान अपेक्षा दिलेल्या असतात: प्रोसेसर कोणता, मेमरी किती, ग्राफिक्स कार्ड कुठलं, डिस्कवर जागा किती. माझ्या लग्नाच्या वेळी आईने स्थळं याच पद्धतीने पाहिली होती. आधी पत्रिका, गुण जुळले तरच फोटो.

बहुतेक वेळा जुळत नाहीत. खोट आमच्या बाजूची. माझा लॅपटॉप २०१२ सालचा. मेमरी चार जीबी, हार्ड डिस्क ३२० जीबीची आणि तीही गरगर फिरणारी, ग्राफिक्स कार्डाच्या रकान्यात निरंक. बॅटरीने मान टाकून बरीच वर्षं झाली, त्यामुळे चार्जरची वायर पुरेल तेवढंच त्याचं जग. डावी बिजागरी निखळल्यापासून पडदा स्वतःच्या हिमतीवर उभा राहत नाही. त्याच्या पाठीशी आमच्या बँकेच्या दोन जाडजूड डायऱ्या आहेत. (बँकेच्या डायरीचा मला आजवर सापडलेला हा एकमेव उपयोग.) पंखा सुरू झाला की स्वयंपाकघरातून हिचा आवाज येतो, "अहो, ते यंत्र बंद करा. कुकरच्या शिट्ट्या मोजता येत नाहीत!"

लॅमिंग्टन रोडवरच्या एका कारागिराने मध्यंतरी त्याला उघडून आतून भरपूर कापूस काढला, प्रोसेसरवरची वाळलेली पेस्ट खरवडून नवी लावली आणि झाकण बसवताना हळूच म्हणाला, "साहेब, याच्यात आता पैसे घालू नका." नातेवाइकांना बाजूला घेऊन डॉक्टर बोलतात, तो स्वर. मी मान डोलावली आणि लॅपटॉप घरी आणला.

तर अशा परिस्थितीत गेम मी निवडत नाही, लॅपटॉप निवडतो. त्याला फक्त दोन प्रकार झेपतात: एक जुने, आणि दुसरे हल्लीचे पण कुणी एकट्यादुकट्याने घरी बसून केलेले. बाकी सगळ्याला तो ठाम नकार देतो. वाईट याचं वाटतं, की त्याची निवड माझ्यापेक्षा चांगली निघते.

या लॅपटॉपला आयुष्यात एकदाच कुणीतरी 'जरा हळू' म्हटलंय. ते 'डिगर'च्या वेळी. १९८३ साली कॅनडातल्या विंडमिल सॉफ्टवेअरने केलेला हा गेम ज्या आयबीएम पीसीसाठी होता, त्याचा प्रोसेसर ४.७७ मेगाहर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला सत्तेचाळीस लाख सत्तर हजार ठोके. ऐकायला ही संख्या दांडगी वाटते, पण माझा म्हातारासुद्धा त्याच्या कित्येकशे पट वेगाने पळतो. त्या काळातले बरेचसे गेम घड्याळ बघत नसत, प्रोसेसर जेवढा पळेल तेवढे तेही पळत. तसा गेम आज जसाच्या तसा सुरू केला, तर तुमचं बोट कळेवर टेकण्याआधी तुम्ही मेलेले असता. म्हणून मध्ये डॉसबॉक्स नावाचं सॉफ्टवेअर लागतं. ते जुन्या कॉम्प्युटरचं सोंग घेतं. कंट्रोल आणि एफ-अकरा दाबलं की वेग कमी होतो, एफ-बारा दाबलं की वाढतो. पूर्वीच्या डेस्कटॉपवर 'टर्बो' नावाचं एक रुबाबदार बटण असायचं. त्याचा खरा उपयोगही हाच, मशीनला मंद करून जुनी सॉफ्टवेअर चालवणं. मी एफ-अकरा दाबत राहतो आणि लॅपटॉप, स्वतःचा दम राखून, चाळीस वर्षांपूर्वीचा वेग धरतो. त्या संध्याकाळी पंख्याचा आवाजही वाढत नाही.

'प्रिन्स ऑफ पर्शिया'शी माझी ओळख डोंबिवलीतल्या कॉम्प्युटर क्लासमधली. नव्वदचं दशक. चपला बाहेर काढायच्या, आत एसी, आणि तो आमच्यासाठी नसून मशीनसाठी आहे हे सरांनी पहिल्याच दिवशी स्पष्ट केलेलं. सर वर्डस्टार शिकवायचे आणि पाठ फिरली की आम्ही राजवाड्याच्या तळघरात. एका तासात राजकन्येला सोडवायचं आणि बॅच पाऊण तासाची, त्यामुळे आमच्यापैकी कुणीच तिला कधी पाहिली नाही. त्यात पहिली पातळी संपली की एका खोलीत बाटल्याच बाटल्या, प्रत्येकीवर एक अक्षर. माहितीपुस्तिकेतल्या अमुक पानावरच्या अमुक ओळीतला अमुक शब्द बघा आणि त्याच्या पहिल्या अक्षराची बाटली प्या, नाहीतर मरा. चोरून नक्कल करणाऱ्यांना अडवायची ही युक्ती. आमच्या अख्ख्या क्लासात ती पुस्तिका कुणी पाहिलेलीही नव्हती. कुणाच्या तरी चुलतभावाने फ्लॉपी आणली होती, एवढाच आमचा आणि पर्शियाचा संबंध. आम्ही अंदाजाने प्यायचो. पर्शियात त्या काळात डोंबिवलीकर फार मेले.

हा गेम जॉर्डन मेकनर नावाच्या तरुणाने जवळपास एकट्याने अॅपल टू या कॉम्प्युटरवर केला आणि तो १९८९ साली आला. राजपुत्र इतका खरा कसा पळतो, कड्याला लोंबकळून वर कसा चढतो, याचं उत्तर साधं आहे. मेकनरने १९८५ साली धाकटा भाऊ डेव्हिड याला पांढरे कपडे घालून पळायला आणि उड्या मारायला लावलं, त्याचा व्हिडिओ घेतला आणि एकेका चौकटीवरून चित्रं काढली. तलवारबाजी घेतली ती एरॉल फ्लिनच्या १९३८ सालच्या रॉबिन हूडपटावरून. संगीत वडिलांचं. आपल्याकडे या प्रकाराला गृहउद्योग म्हणतात आणि त्यात पापड करतात.

पण मला खरा आवडतो तो त्यातला सावलीपुरुष. गेम अर्धा झाला आणि लक्षात आलं, की मारामारीला शत्रू हवा. आणि कॉम्प्युटरची मेमरी तर संपलेली. नवा माणूस काढायला जागाच नाही. मग मेकनरने राजपुत्राचीच चित्रं घेतली, एका गणिती करामतीने त्यांचे ठिपके किंचित सरकवून पालटले आणि पडद्यावर एक चमचमती छाया उभी राहिली. जागा न लागणारा शत्रू! आरशातून उडी मारली की ती छाया आपल्यातून निघते, पुढे आपलं औषध आपल्या डोळ्यांदेखत पिऊन टाकते, आणि शेवटी समोर उभी ठाकते तेव्हा तिच्यावर वार केला तर आपलंच रक्त कमी होतं. तलवार म्यान करून तिच्यात मिसळून जायचं, हा तोडगा. मेमरी भरपूर असती तर तिथे एखादा दाढीवाला राक्षस आला असता आणि मी त्याला केव्हाच विसरून गेलो असतो. मेकनरच्या हरवलेल्या मूळ प्रोग्रामच्या फ्लॉप्या त्याच्या वडिलांना कपाटात सापडल्या आणि त्याने तो सगळ्यांसाठी खुला केला, ते साल २०१२. माझा लॅपटॉप दुकानातून घरी आला तेच. मी त्याला हे सांगितलेलं आहे.

आता 'पेपर्स, प्लीज'. हा २०१३ सालचा, लूकस पोप या एका माणसाने केलेला. दिवसभर मी बँकेत केवायसी तपासतो. पॅनकार्डावर सुरेश, आधारवर सुरेशकुमार, पासबुकात एस. के., आणि समोरचा म्हणतो, "साहेब, सगळे मीच!" संध्याकाळची लोकल पकडून घरी येतो, हातपाय धुतो, चहा घेतो आणि अर्स्टोत्स्का नावाच्या देशाच्या सरहद्दीवरच्या टपरीत बसून पासपोर्ट तपासतो. तिथे साल १९८२. खिडकीत एकेक माणूस येतो, कागद सरकवतो. फोटो जुळतो का, मुदत संपलीय का, गावाचं नाव बरोबर आहे का बघायचं आणि हिरवा किंवा लाल शिक्का मारायचा. रोज सकाळी नवं परिपत्रक. पहिल्या दोन चुकांना नुसती ताकीद, तिसरीपासून दंड. एक म्हातारबुवा तर हाताने रंगवलेला पासपोर्ट घेऊन येतात, तोही अस्तित्वात नसलेल्या देशाचा. आणि नाकारला तरी रागावत नाहीत, हसत जातात, पुन्हा येतात. असे खातेदार आमच्या शाखेत असते तर मी बढती नाकारून काउंटरवरच राहिलो असतो.

हिचं म्हणणं, ऑफिसातून येऊन माणूस पुन्हा ऑफिसात कसा बसतो? मी समजावलं, की इथे शिक्का मारायला वरिष्ठांची सही लागत नाही. मौज आहे ती त्यात.

या गेममध्ये रोज रात्री हिशेब असतो. कमाई किती, भाडं किती, अन्न, घर गरम ठेवायचा खर्च, कुणी आजारी असेल तर औषध. घरात बायको, मुलगा, सासू आणि काका. एके रात्री दंड बसले, पैसे पुरले नाहीत आणि मी नकळत मोठ्याने म्हणालो, "अरेरे, सासूबाई गेल्या."

स्वयंपाकघरात भांडं पडलं.

"कोणाच्या?"

"माझ्या," मी म्हणालो. पडद्यावरून नजर न काढता.

तिने सांगलीला फोन लावला, पलीकडून "काय गं, इतक्या रात्री?" आलं, खुलासा झाला. मला वाटलं प्रकरण मिटलं. पण ती येऊन मागे उभी राहिली आणि तिने त्या रात्रीचा जमाखर्च ओळीने वाचला.

"भाडं भरलंत. काकांना जेवायला घातलंत. औषधालाच बरे पैसे नव्हते!"

पुढचे दोन दिवस आमच्याही घरात हीटिंग बंद होतं.

भाचा पुण्यात नोकरीला आहे. त्याच्या लॅपटॉपच्या कळांखालून जांभळे-हिरवे दिवे लागतात आणि रात्री त्या उजेडात तो स्वतःही थोडा हिरवा दिसतो. त्याने 'राजी' दाखवला. भावाला शोधायला निघालेल्या मुलीची गोष्ट, आपल्या पुराणकथांच्या वळणाची, आणि २०२० साली आलेला हा गेम पुण्यातल्या नॉडिंग हेड्स गेम्सने केलेला. अभिमानाने ऊर भरून मी तो माझ्याकडे चालवायला गेलो. राजीने एक पाऊल उचललं. ते खाली टेकेपर्यंत आम्ही चहा घेतला. पुणं डोंबिवलीला तसं कधी जवळ नव्हतंच.

मग तो 'रेड डेड रिडेम्प्शन टू'बद्दल बोलायला लागला. "मामा, काय घोडे काढलेत! अंगावरचा केस न् केस दिसतो." मी सवयीने तळाशी गेलो. डिस्कवर जागा: १५० जीबी. माझी निम्मी डिस्क या घोड्यांना द्यायची, तर मुलीचे बारशापासूनचे फोटो आणि हिच्या भिशीचे हिशेब पागेबाहेर काढावे लागले असते. तोवर त्याच्या त्या दिवेवाल्या मशीनवर कसलं तरी अपडेट उतरत होतं. ते पूर्ण होईपर्यंत तो माझ्या खुर्चीत बसून अर्स्टोत्स्कात शिक्के मारत राहिला आणि जेवायला तीनदा हाक मारावी लागली.

हिला गेमची लागण झाली ती 'स्टारड्यू व्हॅली'मुळे. एरिक बरोन नावाच्या सिअॅटलकडच्या तरुणाने चार वर्षांहून अधिक काळ खपून तो २०१६ साली आणला. प्रोग्राम त्याचा, चित्रं त्याची, संगीत त्याचं. पोटापाण्यासाठी संध्याकाळी थिएटरात लोकांना जागा दाखवायची नोकरी. कंपनीतल्या नोकरीला कंटाळलेला माणूस आजोबांच्या शेतावर जातो, एवढीच गोष्ट. मी तिला कौतुकाने दाखवायला गेलो आणि खुर्ची गेली.

आता घरात पेरणीची भाषा आहे. "बुधवारी त्या पिएरचं दुकान बंद असतं, आधी सांगता येत नाही?" हे मला, मी केवायसीच्या गर्दीत असताना, फोनवर. पण मोठी भानगड वेगळीच. या गेममध्ये तुम्ही रात्री झोपलात तरच दिवस नोंदला जातो. लॅपटॉपला बॅटरी नाही. त्यामुळे मध्येच लाईट गेली की दिवसभराची नांगरणी, पाणी, मासेमारी, सगळं झालंच नाही. पहिल्यांदा असं झालं तेव्हा ती अंधारात बराच वेळ काही बोलली नाही. मीही मेणबत्ती शोधण्यात जरुरीपेक्षा जास्त वेळ काढला. तेव्हापासून डोंबिवलीच्या आकाशात ढग जमले की आमचा शेतकरी भर दुपारी अंथरुणात शिरतो. पावसाळ्यात त्याने फारच कमी काम केलं.

दिवाळीत भाचा आला तो आनंदाची बातमी घेऊन. त्याने नवीन मशीन घेतलं होतं आणि जुनं, दिवेवालं, तो मामाला देणार होता. "आतलं ग्राफिक्स कार्ड अजून एक नंबर आहे, मामा. आता तुझेही घोडे पळतील!"

मी डायऱ्यांकडे बघितलं. काय बोलावं सुचेना. हिने मात्र एकच प्रश्न विचारला.

"बॅटरी चालते का त्याची?"

"तीन तास तरी, मामी."

"मग तो मला दे. तुझ्या मामांना हाच बरा, त्यांना सवय आहे."

पेन ड्राइव्हवरून शेत तिकडे हलवायला पाच मिनिटंही लागली नाहीत. तेव्हापासून त्या ग्राफिक्स कार्डावर रोज एक घोडा पळतो खरा. चौकोनी ठिपक्यांचा, तपकिरी, केस अजिबात न दिसणारा. त्याच्या तबेल्यासाठी लागणारं लाकूड तोडण्यात तिचे दोन रविवार गेले.