आग झाबुआत, बंब अरेरा कॉलनीत

भोपाळच्या आमच्या अरेरा कॉलनीत शेजारच्या वहिनींकडे परवा पाण्याचं मशीन विकणारा एक पोरगा आला. नळाच्या पाण्याच्या पेल्यात त्याने दोन सळ्या बुडवल्या, बटण दाबलं, आणि दोन मिनिटांत पाणी गुळाच्या चहासारखं झालं. वहिनींच्या तोंडून ‘अगंबाई’ निघालं आणि पर्समधून कार्ड.

त्यातली एक सळई लोखंडाची असते. पाण्यातल्या क्षारांमुळे वीज वाहते आणि ती सळईच झिजून गंजासारखी पेल्यात उतरते. हे काही पोरगा बोलला नाही. ‘मॅडम, इसमें फ्लोराइड है’, एवढंच म्हणाला. फ्लोराइडला ना रंग, ना वास, ना चव. पण सेल्समनला ते दिसतं.

1984 च्या वायुदुर्घटनेनंतरच्या भोपाळला पाण्याची धास्ती शिकवावी लागत नाही. युनियन कार्बाइडच्या कारखान्याभोवतीच्या वस्त्यांचं भूजल खरंच नासलं. ती धास्ती तिथून उचलून अरेरा कॉलनीत विकायची, एवढंच पोराचं कसब. इथल्या नळाला पाणी येतं ते मोठा तलाव, कोलार धरण नाहीतर नर्मदेचं. नदी-तळ्याच्या पाण्यात फ्लोराइड सहसा जेमतेमच असतं. म्हणजे वहिनींनी मशीन घेतलं ते जवळजवळ नसलेली वस्तू काढायला. वर एक पेला गाळताना दोन-तीन पेले मोरीत.

मग व्हॉट्सॲपवर बातमी आली: अमेरिकेत फ्लोराइडवर बंदी! खरी होती, पण अर्धी. 1945 मध्ये ग्रँड रॅपिड्स शहराने दात किडू नयेत म्हणून नळाच्या पाण्यात मुद्दाम फ्लोराइड मिसळायला सुरुवात केली आणि मग देशभर ते पसरलं. 2025 मध्ये यूटा राज्याने हे मिसळणं बंद केलं. आपल्याकडे नळात फ्लोराइड कुणी घालतच नाही, तरी बंदीचे पेढे आपण वाटले. वहिनींच्या घरात ‘फ्लोराइड-फ्री’ हर्बल पेस्ट आली.

आता वहिनींच्या चिरंजीवांचे दात बघा. वय सहा, किडलेल्या दाढा चार. रविवारी पोह्यांबरोबर जिलेबी, डब्यात क्रीमची बिस्किटं, व्हॅनमध्ये टॉफी, झोपताना चॉकलेटची पूड घातलेलं दूध, आणि त्यानंतर ब्रश नाही, कारण ‘पोर दमलंय हो’. तोंडातले जंतू साखर खाऊन आम्ल करतात आणि ते आम्ल दाताचं वरचं कवच पोखरतं. फ्लोराइड ते कवच पुन्हा घट्ट व्हायला मदत करतं. दंतवैद्यांनी सांगितलं: रात्री ब्रश, फ्लोराइडची पेस्ट वाटाण्याएवढी, आणि ती गिळायची नाही. वहिनी म्हणाल्या, ‘ते ठीक आहे हो डॉक्टर, पण पाण्यातच काहीतरी असणार.’

पाण्यात खरंच काहीतरी आहे, पण ते इथे नाही. याच राज्यात झाबुआत, धारमध्ये, मंडल्यात आहे. तिथे खोल खडकातून हातपंपाने वर येणाऱ्या पाण्यात फ्लोराइड विरघळलेलं असतं. लिटरला दीड मिलिग्रॅम ही आपल्या मानकांची कमाल मर्यादा. ती कितीतरी ठिकाणी कधीच ओलांडली गेली. तिथल्या पोरांच्या दातांवर पिवळे-तपकिरी डाग असतात, घासून न जाणारे. मंडला जिल्ह्यातल्या तिलईपानीत 1990 च्या दशकात पोरांचे पायच वाकडे होऊ लागले, गुडघ्याला गुडघा घासू लागला. कारण निघालं हातपंप, जो शुद्ध पाण्यासाठीच बसवला होता.

आपल्या नागपूरच्या ‘नीरी’ या पर्यावरण संशोधन संस्थेने यावर उपाय काढूनही अर्धं शतक झालं: तुरटी, चुना, ब्लीचिंग पावडर, ढवळा आणि गाळ बसू द्या. सोपंच आहे; फक्त रोज कुणीतरी ढवळायला हवं. वहिनींचं मशीनही फ्लोराइड काढतं, बरं का. पण त्याला वीज लागते, फिल्टर बदलावे लागतात आणि कार्ड लागतं. म्हणून पोरगा झाबुआची बस पकडत नाही.

जबलपूरच्या शास्त्रज्ञांनी तिलईपानीत पाणी बदलण्याबरोबर आहारही सुधारायला सांगितला. त्यात कॅल्शियमसाठी एक पालेभाजी होती: चकोडा. म्हणजे आपला टाकळा. पहिल्या पावसात रस्त्याकडेला फुकट उगवतो. त्यात सळ्या बुडवून दाखवणारा अजून कुणी निघालेला नाही.