सीड क्रॅकररावांस अनावृत पत्र

रा. रा. सीड क्रॅकरराव यांस,
मु. पो. काचेची बरणी, वरचा कप्पा, पिंपळे सौदागर

स. न. वि. वि.

पत्रास कारण की, पिंपळे सौदागरपासून रावेत-मोशीपर्यंतच्या सोसायट्यांत आपला जम चांगलाच बसलेला दिसतो. रविवारी दुपारी ओटीजी ओव्हन तापतो, ट्रेवर बटर पेपर अंथरला जातो, जवस, तीळ, चिया, सूर्यफुलाच्या आणि भोपळ्याच्या बिया यांचा ओलसर लगदा त्यावर पसरला जातो, आणि तासाभरात आपण कुरकुरीत होऊन बाहेर पडता. मग पाहुण्यांना ओळख करून दिली जाते, "घरी केलेत हं!" घरी केलेल्या पदार्थाला नावे ठेवणे हा आपल्याकडे मोठा अपराध. तेव्हा आधीच सांगतो, आपल्या चवीविषयी या पत्रात एक अक्षरही वाकडे नाही. तक्रार आहे ती आपल्या पत्त्याविषयी. ज्या घरांत आपण उतरला आहात तिथे आपल्यावाचून कुणाचे काही अडत नव्हते, आणि जिथे आपली खरी निकड आहे त्या वाटेला आपण अजून फिरकलाही नाहीत.

आधी कूळ पाहू. जवसाच्या सालीत एक चिकट द्रव्य असते. उकळते पाणी पडले की ते सुटते आणि सगळा ऐवज बुळबुळीत होतो. चिया तर स्वतःच्या वजनाच्या दहापट पाणी पिऊन बसते. याच बुळबुळीत खळीने बाकीच्या बिया एकमेकींना धरून राहतात, आणि दीडशे अंशांच्या मंद आचेवर त्यातले पाणी उडाले की आपण तयार. मळणे नाही, लाटणे नाही, फुगवणे नाही. थोडक्यात, बटर पेपरवर जन्मलात म्हणून आपण बेकरीचे होत नाही. जातीने आपण वाळवणच. आणि वाळवणाच्या या घराण्यात आपले थोरले बंधू आधीपासून नांदत आहेत. सोलापूरची कडक भाकरी पाहा: ज्वारीची किंवा बाजरीची, कागदासारखी पातळ, पाण्याचा अंश उरू नये इतकी सुकवलेली, आठवडेच्या आठवडे टिकणारी, शेंगांच्या चटणीबरोबर कडाकडा मोडून खायची. भोगीला बाजरीच्या भाकरीला तीळ लावतात. ती एखादीने चुलीच्या निखाऱ्याशेजारी विसरली असती, तर आपला जन्म केव्हाच होऊन गेला असता. तिकडे स्वीडनमध्ये राईच्या कडक भाकरीला मधोमध भोक पाडून ती छताखालच्या काठीला ओवून ठेवत. बिस्किट या शब्दाचा मूळ अर्थही दोनदा भाजलेले असाच, आणि ते दोनदा भाजायचे कारण जहाजावर टिकावे हे. जगभर माणसाने भाकरी कडक केली ती प्रवासासाठी, टंचाईसाठी, घरापासून लांब राहणाऱ्यासाठी. डिपमध्ये बुडवण्यासाठी नव्हे.

घरापासून लांब राहणाऱ्यांचा तर पिंपरी-चाकणचा हा पट्टाच आहे. 1954 साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली, 1962 साली एमआयडीसी आली, टेल्को आणि बजाज आले, पुढे कारखाने चाकणच्या माळावर पसरले. आणि सोलापूर, लातूर, बीड, जळगावकडून माणसे येत राहिली. त्यांच्याबरोबर दशम्या आल्या, धपाटे आले, जवसाची आणि कारळ्याची चटणी आली. म्हणजे आपल्या अंगातल्या काही बिया आपल्याआधीच या गावात आलेल्या आहेत. चिया मेक्सिकोकडची. तिच्याशी आमचे भांडण नाही. ती नसली तरी जवस तेच काम करतो, आणि तो कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात मिळतो, एवढेच नोंदवतो.

यावर आपले चाहते म्हणतील की प्रश्न कुळाचा नसून पोषणाचा आहे. जवसात ओमेगा-3 आहे. आहेच. जवसाच्या तेलातला निम्म्याहून जास्त हिस्सा त्याच मेदाम्लाचा असतो. पण अख्खा जवस गुळगुळीत टणक सालीचा. नीट चावला गेला नाही तर तो जसा पोटात गेला तसाच बाहेर पडतो. मराठवाड्यातली बाई जवस भाजते, कुटते आणि मगच भाकरीबरोबर वाढते. तिने ओमेगा-3 चे नाव ऐकलेले नसेल, पण ते अंगी लागावे याची तजवीज तिच्या खलबत्त्यात आहे. आपल्यात मात्र बिया अख्ख्या राखल्या जातात, कारण फोटोत त्या अख्ख्या शोभतात. शिवाय शंभर ग्रॅम बियांत पाचशेच्या वर उष्मांक असतात. ज्वारीच्या पिठात साधारण साडेतीनशे. बियांतले तेल चांगल्या जातीचे हे खरे, पण चांगले तेलही शेवटी तेलच. वजन उतरवायला म्हणून टीव्हीसमोर बरणी रिकामी करणाऱ्याने हा हिशेब एकदा मांडून पाहावा. मैद्याच्या बिस्किटापेक्षा आपण बरे, हा दुसरा युक्तिवाद. तो तत्काळ मान्य. फक्त स्पर्धक इतका दुबळा निवडला की जिंकण्यात मौज राहत नाही. ग्लूटेन नाही म्हणावे, तर ते भाकरीतही नाही.

खरा जड आक्षेप याच्या पुढचा आहे, आणि तो आपल्या चाहत्यांना सुचतच नाही म्हणून मीच मांडतो. भाकरी येणे सोपे नाही. उकड नीट हवी, मळणे हवे, थापताना कड फाटता कामा नये, तव्यावर पाणी फिरवायची वेळ साधली पाहिजे. हे हाताला बसायला वर्षे लागतात, आणि ती वर्षे आजवर बायकांच्याच हिशेबात लिहिली गेली. आपल्याला यातले काही लागत नाही. बिया भिजवायच्या, पसरायच्या, सुकवायच्या. कड फाटली तरी मोडूनच खायचे असते. ज्याने जन्मात पीठ मळलेले नाही त्यालाही आपण पहिल्या खेपेला जमता. आपला मोठेपणा आहे तो हाच, आणि तो बरणीवरच्या चिठ्ठीत कुठेच लिहिलेला नसतो.

आता असा माणूस या पट्ट्यात राहतो कुठे? नाणेकरवाडीत, खराबवाडीत, म्हाळुंग्यात, कॉट बेसिसवर. एका खोलीत चार-पाच जण, तिघांच्या तीन पाळ्या, एक शेगडी, मेसचा डबा रात्री साडेआठला आणि पाळी सुटायची मध्यरात्री. 1948 च्या कारखाना कायद्याने सलग पाच तासांच्या आत निदान अर्धा तास विश्रांती ठरवून दिली होती, आणि अडीचशेहून जास्त कामगार असतील तिथे कॅन्टीनची सोय. पण भोसरीच्या गल्लीतल्या वीस-पंचवीस माणसांच्या वर्कशॉपला कॅन्टीनची सक्ती नाही. तिथे अर्ध्या तासात वडापाव, नाहीतर चहात बुडवलेले बिस्किट. गरम करावे लागत नाही, सांडत नाही, आंबत नाही, खिशात मावते असे अन्न हवे ते याच पोराला. आणि आपण आहात पिंपळे सौदागरला, जिथे सकाळी पोळीवाल्या मावशी येऊन ताज्या भाकरी थापून जातात. ज्याला आपली गरज त्याच्याकडे ओव्हन नाही, आणि ज्याच्याकडे ओव्हन त्याच्याकडे मावशी आहेत.

तेव्हा ओव्हनचा हट्ट सोडावा, ही विनंती. दीड-दोन हजार वॅटचा ओटीजी मूठभर बियांसाठी तासभर चालवणे तसेही शोभत नाही. तवा आहे. निम्मे ज्वारीचे पीठ, बाकी भाजून भरडलेला जवस आणि तीळ, तिखट-मीठ, उकळते पाणी. पाऊण तास मुरू द्यावे, थालीपिठासारखे पण त्याहून पातळ पसरावे, आच अगदी बारीक ठेवावी, दोनदा उलटावे, आणि उतरवल्यावर जाळीवर पूर्ण गार होऊ द्यावे. ओव्हनमधल्यासारखे एकसारखे कुरकुरीत होत नाही, मधे थोडे चिवट राहते, हे कबूल. बियांचा भाव ज्वारीपेक्षा कितीतरी जास्त, त्यामुळे निम्मे पीठ घातले की खर्चही आवाक्यात येतो. यावर कुणी म्हणेल की मग हा सीड क्रॅकर राहिलाच कुठे, ही तर कडक भाकरी झाली. झाली तर झाली. नाव बदलल्याने आपला भाव उतरेल एवढीच भीती, आणि ती बरणीची आहे, पोटाची नव्हे.

कळावे, लोभ असावा.

आपला,
एक भाकरीपक्षीय

ता. क. : भरडलेला जवस लवकर खवट होतो, आठवड्यापुरताच करावा. आणि चाकणला याल तेव्हा अंगात मीठ थोडे जास्त घालून या. फाउंड्रीत घाम फार येतो.